पाच मिनिटांची नोंद

आमच्या कॉलेजचं प्राणीगृह
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला पाठ लावून उभं.
भिंतीपलीकडे बारा यंत्रमाग,
भिंतीअलीकडे चोवीस पांढरे उंदीर,
मधे मी, स्रवंती गज्जम, एम. फार्म. दुसरं वर्ष,
हातात स्टॉपवॉच, कानात खटक-खटक.

उंदरांना नावं द्यायची नसतात.
पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका लावायचा,
डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर.
लग्नातल्या हळदीसारखा तो
आठवडाभर माझ्या नखांतून निघत नाही.

लाकडाचं अधिकचं चिन्ह, जमिनीपासून हातभर वर.
दोन बाहूंना भिंती, दोन उघडे.
उंदीर मधोमध सोडायचा आणि पाच मिनिटं
आपण तिथं नसल्यासारखं उभं राहायचं.
भ्यायलेला भिंतीत शिरतो.
बाकी सगळा प्रबंध म्हणजे
भिंतीबाहेर किती सेकंद, याची बेरीज.

पहिल्या सहांना नुसतं मिठाचं पाणी.
दुसऱ्या सहांना लिथियम.
तिसऱ्यांना फ्लुओक्सेटीन;
त्यातले दोन तर आणखीच दचकले,
कोपऱ्यात बसून मिशा पुसत राहिले, पुसतच राहिले.
चौथ्यांना दोन्ही.

सर म्हणाले, सोलापूरची पोरगी तू,
लिही की प्रस्तावनेत,
दोन औषधं म्हणजे ताणा आणि बाणा.
मी नाही लिहिलं.
धागा तुटला की दिसतो, माग थांबवून गाठ मारता येते.
नान्नांचं काय तुटलं
ते आम्हाला तीन वर्षं दिसलं नव्हतं.

पहिली गोळी सुरू झाली तेव्हा नान्ना उठले,
आणि उठलेच.
रात्री तीनला चादरींचे नवे नक्षे काढू लागले,
उधारीवर आणखी दोन माग बघून आले,
आणि अशोक चौकात एका अनोळखी रिक्षावाल्याला
वीस चादरी देऊन टाकल्या, थंडी वाजेल म्हणून.
मे महिना होता.

मग डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी लिहिली,
पहिलीवर नजर ठेवायला.
तेव्हापासून ठरल्या तारखेला काचेच्या नळीत रक्त,
आणि शेंगाचटणीत मीठ घालताना
अम्माचा हात चमच्यावर थांबतो.

गुरुवारी चौथा गट.
पाठीवर ठिपका असलेल्याला मधोमध सोडलं
आणि वीज गेली.
बाराही माग एका दमात गप्प.
या शांततेला आमच्याकडे सगळेच भितात,
माग थांबला की लहान लेकरूसुद्धा झोपेतून उठतं.
पिंजऱ्यांतले उंदीर जागच्या जागी गोठले.
आणि हा,
आधी नाक काढलं, मग पुढचा एक पाय,
मग उघड्या बाहूच्या पार टोकाला जाऊन
खाली डोकावला.
एक्केचाळीस सेकंद.
खिडकीतल्या उजेडात मोजले.

सर म्हणाले, परिस्थिती सारखी नव्हती, नोंद बाद.
बरोबर आहे त्यांचं.
मी आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल इतकी बारीक.

शनिवारी मेंदू, बर्फावर.
समितीची परवानगी आहे, पत्राला क्रमांक आहे.
प्रबंधात लिहितात, मेंदू काढण्यात आले.
माझ्या वहीत आहे, मी काढले.
ठिपका तेव्हाही पिवळाच होता.

घरी नान्ना विचारतात,
"तुझ्या उंदरांना बरं वाटलं का?"
थोडं, मी म्हणते. सहातल्या चौघांना.
ते कडक भाकरीचा तुकडा मोडतात,
चौघं म्हणजे वाईट नाही म्हणतात,
उरलेल्या दोघांचं विचारत नाहीत.
दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन
त्यांच्याकडे बघत बसतात.
"भयम् लेदू," म्हणतात. भीती नाही.
मला म्हणतात की गोळ्यांना, कळत नाही.

तेवढ्यात गल्लीतले माग थांबतात.
पंखाही.
त्यांचा घास हातातच,
आणि मी अंधारात, सवयीनं,
मोजायला लागते.